सिस्टर, जरा हसा की!

मागच्या महिन्यात बाबांना पाच दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. पित्ताशयाचं ऑपरेशन. तसं किरकोळच, पण शुगर आटोक्यात येईना म्हणून मुक्काम वाढला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पुण्यातलं बऱ्यापैकी महागडं हॉस्पिटल आहे एवढं पुरे. दिवसा आई थांबायची, रात्री मी. लॅपटॉप बरोबर होताच, त्यामुळे एका रात्री वॉर्डातल्या खुर्चीत बसून डिप्लॉयमेंटसुद्धा उरकली (मॅनेजरला वाटलं, काय हा कर्तव्यदक्ष पोरगा!).

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास बाबांची सलाईन संपली. बाटली रिकामी आणि नळीत रक्त उलटं यायला लागलेलं. मी बेल दाबली. कोणी नाही. परत दाबली. वीस मिनिटं गेली. मग तरातरा काउंटरवर गेलो. तिथे एकच सिस्टर होती, माझ्यापेक्षा लहानच असावी. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून केसपेपरवर काहीतरी लिहीत होती. मी तिला जे बोललो ते सगळं इथे लिहायची लाज वाटते. "पैसे मोजतोय आम्ही" हे वाक्य त्यात नक्की होतं.

ती आली. नळी बंद केली, बाटली बदलली, सुई चालू आहे ना ते बघितलं. "झालं" म्हणाली आणि गेली. सॉरी नाही, हसणं नाही, चेहऱ्यावर काहीच नाही. एखाद्या मशीनने बाटली बदलावी तसं.

डिस्चार्जच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला. 'नर्सिंग स्टाफचे वर्तन' याच्यापुढे मी एक तारा दिला आणि खाली एकच शब्द लिहिला, 'हृदयशून्य'. तासाभरात तिथल्या इनचार्ज मॅडम त्या मुलीला घेऊन खोलीत आल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सरांना सॉरी म्हण." ती म्हणाली. त्याच कोऱ्या चेहऱ्याने. मी "इट्स ओके" वगैरे पुटपुटलो. बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

गाडीत बसल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "त्या रात्री तिच्याकडे पेशंट किती होते, विचारलंस का रे?"

नव्हतं विचारलं. आजची ही पोस्ट त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

*

माझी एक मावसबहीण मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. अकरा वर्षं झाली. रविवारी तिला फोन लावला आणि झालेला प्रकार सांगितला. मला वाटलं ती म्हणेल, हो रे, प्रायव्हेटवाल्या पोरी असतातच तशा. ती म्हणाली, "बेड किती होते वॉर्डात?"

"तीसेक असतील."

"आणि नाइटला सिस्टर किती?"

"दोन. पण त्यातली एक बाराच्या पुढे आयसीयूत गेली होती मदतीला. हे मला नंतर कळलं."

"मग ए शहाण्या, तीस पेशंटला एक. तुझ्या बाबांची बाटली वीस मिनिटांत बदलली म्हणजे पोरगी चांगली आहे!"

मग ताईने मला नाइट ड्यूटी समजावून सांगितली. हे मी इथे सविस्तर देतोय, कारण आपण नर्सेसना फक्त इंजेक्शन देताना बघतो. रात्री आल्यावर आधीच्या पाळीकडून एकेका पेशंटची ओव्हर घ्यायची. मग रात्रीची औषधं, ठरलेल्या वेळेची अँटिबायोटिक्स, बीपी-ताप-नाडीची नोंद, कोणाला किती सलाईन गेली आणि लघवी किती झाली त्याचा हिशोब, शुगरवाल्यांची शुगर. मध्येच नवीन पेशंट आला तर त्याचे सगळे कागद. कोणाला रक्त चढवायचं असेल तर सुरुवातीला तिथून हलता येत नाही. पहाटे लॅबसाठी रक्ताचे नमुने. शिवाय औषधांचा इंडेंट, वस्तूंची मोजदाद, रजिस्टरं. आता तेच सगळं कॉम्प्युटरवरसुद्धा भरायचं, म्हणजे काम दुप्पट (ती सॉफ्टवेअरं आपणच लिहितो, हे लक्षात असू द्या). आणि या सगळ्यात दर दहा मिनिटांनी कोणीतरी नातेवाईक येऊन विचारणार, सिस्टर, डॉक्टर कधी येणार?

"हे सगळं जमतं रे," ताई म्हणाली. "हात चालतात आपोआप. जड जातं ते दुसरंच. चार वाजता सात नंबरचा पेशंट जातो. त्याची बायको तुझ्या गळ्यात पडून रडते. तिला सावरायचं, मग त्याचं सगळं नीट करायचं, नळ्या काढायच्या, गुंडाळायचं. आणि पाच वाजता आठ नंबरच्या आजोबांना हसून विचारायचं, काय आजोबा, झोप लागली का? तू करून बघ एकदा. मग मला सांग हृदय कुठे ठेवायचं ते."

मी गप्प.

*

तर मंडळी, आता थोडं गंभीर. सवयीप्रमाणे मी दोन रात्री वाचत बसलो.

'बर्नआउट' हा शब्द आपण आयटीवाल्यांनी पार गुळगुळीत करून टाकलाय. रिलीजचा आठवडा जड गेला की बर्नआउट, गोव्याला जाऊन आलं की बरा. पण हा शब्द आपल्यासाठी आलाच नव्हता. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो वापरला तो अमेरिकेतल्या मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांबद्दल. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली, तीसुद्धा माणसांची सेवा करणाऱ्या पेशांसाठी. तिच्यात तीन गोष्टी मोजतात. पहिली, भावनिक थकवा, म्हणजे दुसऱ्याला द्यायला आत काही उरलेलंच नाही असं वाटणं. दुसरी, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न बघता 'केस' म्हणून बघायला लागणं. तिसरी, आपल्या हातून काही चांगलं होतच नाही ही भावना.

दुसरी गोष्ट परत वाचा. कोरा चेहरा, तुटक बोलणं, मशीनसारखं काम. मी ज्याला 'हृदयशून्य' म्हटलं ते बऱ्याचदा थकलेल्या मनाने स्वतःभोवती घातलेलं कुंपण असतं. त्या मुलीला नेमकं काय झालं होतं ते मला माहीत नाही, मी काही डॉक्टर नाही. कदाचित नुसती झोप आली असेल. पण शक्यता ही आहे की मी एका आजाराच्या लक्षणाला एक तारा देऊन आलो. आणि त्या ताऱ्याने तो आजार वाढवला.

मग हा थकवा येतो कुठून? २००१ मध्ये एव्हांगेलिया देमेरुती आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक साधं मॉडेल मांडलं. कोणत्याही कामाच्या दोन बाजू. एक म्हणजे काम तुमच्याकडून काय मागतं : कष्ट, वेळ, रात्रपाळी, समोरच्याचं दुःख. दुसरी म्हणजे काम तुम्हाला काय देतं : साहेबाचा पाठिंबा, आपल्या कामाबद्दल ठरवायचा हक्क, कौतुक, नोकरीची शाश्वती. मागणी फार झाली की माणूस थकतो. देणं कमी पडलं की त्याचं कामावरून मन उडतं. आणि दोन्ही एकदम झालं की... तेच, कोरा चेहरा.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लोड किती आणि त्याला मेमरी किती दिली आहे. एवढं साधं आहे. आपला सर्व्हर ८० टक्क्यांवर गेला की आपण नवीन मशीन उभं करतो. सर्व्हरला योगासनं शिकवत नाही!

आधी लोडबद्दल. लिंडा एकन या संशोधक बाईंनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आणि नर्स बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. फक्त एक पेशंट! ताईकडचे जादाचे पेशंट मोजायला बसलो आणि सोडून दिलं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे : शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचामागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. हे मी ताईला वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की मला वाटलं फोन कट झाला.

कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये याचा कायदाच केला आणि २००४ पासून तो लागू झाला. आयसीयूत दोन पेशंटला एक नर्स, साध्या वॉर्डात आधी सहाला आणि मग २००५ पासून पाचाला एक. सरासरी काढून नाही, प्रत्येक पाळीत, प्रत्येक क्षणी. पाचाचा टप्पा पुढे ढकलायचा प्रयत्न तिथल्या गव्हर्नरने केला होता. गव्हर्नर कोण, तर साक्षात अर्नोल्ड श्वार्झनेगर. नर्सेस कोर्टात गेल्या आणि टर्मिनेटर हरला :-)

*

आता दुसरी बाजू, म्हणजे साहेब. माझा खरा राग इथे आहे.

एमी एडमंडसन या बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या आठ वॉर्डांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी की जिथे इनचार्ज चांगली, टीम चांगली, तिथे औषधांच्या चुका कमी दिसतील. आकडे आले उलटेच. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. वाईट वॉर्डांत बाया घाबरून चुका लपवत होत्या. म्हणजे बघा, इनचार्ज ओरडणारी असेल तर तिच्या रजिस्टरवर सगळं आलबेल दिसतं, आणि पेशंटला चुकीचा डोस जातो तो कोणाला कळतही नाही.

आपल्या धंद्यात हे आपण शिकलोय. सिस्टिम बंद पडली की जी मीटिंग होते तिचा पहिला नियम, माणसाला दोष द्यायचा नाही, काय झालं ते शोधायचं. डेटाबेस उडवणाऱ्या पोराला कोणी हाकलत नाही, एका कमांडने डेटाबेस उडू कसा शकतो ते विचारतात. गंमत म्हणजे हा विचार आपण उसना घेतलाय तो विमानवाल्यांकडून आणि वैद्यकक्षेत्रातल्याच लोकांकडून. आणि आपल्या रुग्णालयांत काय चालतं?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं गेली. पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सेसवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड आयसीयू जळाला, ११ रुग्ण गेले. वरच्या काहींचं निलंबन झालं, पण आधी अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन नर्सेसना. त्यांची काहीच चूक नव्हती असं मी म्हणत नाही, ते ठरवायला कोर्ट आहे. पण वायरिंग कोणी केलं, आग विझवायची यंत्रणा का नव्हती, रात्री किती माणसं ठेवली होती, हे ठरवणारी सही नर्सची नसते. बेड्या मात्र तिच्यापर्यंत सर्वात आधी पोचतात.

आणि नांदेड? २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. सगळा देश हादरला. मग पाहणीला एक खासदार आले आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. झालं नेतृत्व! त्याने एक तरी नर्स वाढली का? एक तरी सफाई कामगाराची जागा भरली गेली का? खासदाराने अधिष्ठात्यांना झापायचं, अधिष्ठात्यांनी अधिसेविकेला, तिने इनचार्जला, इनचार्जने सिस्टरला. सिस्टरच्या खाली कोणी नाही, म्हणून ती आतल्या आत विझते. आणि या साखळीत आपण कुठे आहोत माहितीये? आपण दोन्ही टोकांना आहोत. वरती मत देतो, खाली सिस्टरवर ओरडतो. मी ओरडलो.

माझ्या एका ताऱ्यावर त्या इनचार्ज मॅडमनी काय केलं? त्या रात्री दोनाची एक का झाली हे कोणाला विचारलं? नाही. मुलीला खोलीत आणून सॉरी म्हणायला लावलं. पण त्यांनाच धरूनही चालणार नाही, त्यांच्यावरही कोणाचा तरी फोन आला असणार. बरं, ताईची आधीची इनचार्ज अगदी उलट होती. लोड तेवढाच, पण नातेवाईक अंगावर आले की ती स्वतः पुढे उभी राहायची. ड्यूटीचा तक्ता विचारून लावायची. वॉर्डात बाळ गेलं की त्या रात्रीच्या पोरीला दहा मिनिटं चहाला पाठवायची आणि तोपर्यंत स्वतः वॉर्ड बघायची. "ती होती तोपर्यंत मी नोकरी सोडायचा विचार केला नाही," ताई म्हणाली. "पण खरं सांगू? पाठ तेव्हाही तेवढीच दुखायची."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. चांगला साहेब माणसाला टिकवतो, पण तो दोन हातांचे चार करू शकत नाही. व्यवस्थापनाच्या लोकांना हल्ली 'प्रेरणादायी नेतृत्व' फार आवडतं, कारण ते भरतीपेक्षा स्वस्त पडतं.

*

आता नेहमीचे आक्षेप. कॉमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच.

"अहो, पण हा सेवेचा पेशा आहे." सेवा शिकवायची गरज त्यांना नाही. केईएममधल्या अरुणा शानबाग १९७३ मध्ये ड्यूटी संपल्यावर त्यांच्याच हॉस्पिटलात त्यांच्यावर हल्ला झाला, तिथल्याच सफाई कामगाराकडून. २०१५ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, नर्सेस निवृत्त झाल्या, नवीन आलेल्यांनी सांभाळलं. तेव्हा माया आटलीय वगैरे बोलू नका. माया आहे म्हणूनच तर ही व्यवस्था अजून चालतेय. 'सेवा' हा शब्द आपण पगाराऐवजी देतो, एवढीच भानगड आहे.

पगाराचंही ऐका. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. समिती म्हणाली, ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नका, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्या. तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला आज विचारा, किती मिळतात. एवढ्या वर्षांच्या महागाईनंतरही पुष्कळजणी तुम्हाला वीसच्या खालचा आकडा सांगतील. सरकारी नोकरीत पगार बरा, पण तिथे कंत्राटी भरती. ११ महिन्यांची ऑर्डर, मग परत अर्ज. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेसनी बाहेरच्या एजन्सीमार्फत भरतीच्या विरोधात संप केला तेव्हा आपल्याकडच्या चर्चेचा विषय एकच, पेशंटचे हाल. हाल झालेच. पण एरवी होतात त्यांचं काय?

"आम्हालाही टेन्शन असतं." असतं ना. पण आपल्या चुकीने वेबसाइट बंद पडते. आणि आपण रात्री जागलो तर दुसऱ्या दिवशी घरून काम करतो.

"हॉस्पिटलं वर्कशॉप घेतात की, ध्यान, ताणतणाव व्यवस्थापन." घेतात. ताईकडेही झालं. नाइट संपवून आलेल्यांना दोन तास थांबवून घेतलं आणि सांगितलं की झोप पूर्ण घ्या. (यावर मी विनोद करणार नाही.) २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या करताना स्पष्ट लिहिलं की तो कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणातून येतो. म्हणजे औषध कामाच्या ठिकाणी हवं, नर्सच्या श्वासोच्छ्वासात नाही.

"पैसे कुठून आणायचे?" हा एकच आक्षेप खरा आहे. सरकारी रुग्णालयांसाठी उत्तर बजेटमध्ये आहे आणि ते आपल्या मतावर अवलंबून आहे. खाजगीसाठी, बाबांचं बिल माझ्याकडे आहे. लॉबीतल्या संगमरवरासाठी पैसे होते, रात्रीच्या तिसऱ्या सिस्टरसाठी नव्हते.

*

मग आपण काय करायचं? २२ मार्च २०२० ला आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवली, जोरात. पुढच्या वेळी थाळी राहू दे, एक प्रश्न विचारा. घरच्या कोणाला ॲडमिट करताना आपण खोलीत एसी आहे का, वायफाय आहे का, कॅशलेस आहे का, सगळं विचारतो. त्यात हे वाढवा : "रात्री या वॉर्डात किती पेशंटना किती सिस्टर असतात?" काउंटरवरचा माणूस गडबडेल. गडबडू दे. शंभर जणांनी विचारलं की ब्रोशरमध्ये छापायला लागतील. आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर तारे देताना सिस्टरच्या नावापुढे देऊ नका, तिचा ड्यूटीचा तक्ता ज्याने लावला त्याला द्या.

मी परवा त्या हॉस्पिटलला ईमेल केला. लिहिलं की माझी तक्रार मागे घेतोय, त्या सिस्टरच्या फाइलमध्ये काही मेमो गेला असेल तर तो काढावा, आणि त्या रात्री तीस खाटांना एकच नर्स का होती ते कळवावं.

उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली लिंक होती, या उत्तराला तारे द्यायची.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "परत लिही." आज रात्री परत लिहितोय.